पिक्चर कसा आहे?

शुक्रवारी पहिला शो सुटायच्या आधीच मोबाईलवर पहिलं मत येऊन पडतं. बहुतेक इंटरव्हलमध्ये, पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहून लिहिलेलं. फर्स्ट हाफ भारी, पुढचं बघू. दुसरं मत तीन ताऱ्यांचं असतं. तिसऱ्यात नुसता अंगठा, तोही खाली. संध्याकाळपर्यंत पिक्चर कसा आहे ते गावभर झालेलं असतं आणि सोमवारच्या मीटिंगपर्यंत विषय शिळा!

या झटपट मतांना नाकं मुरडायची आपल्याकडे पद्धत आहे. ही कसली समीक्षा, दोन ओळींत कधी सिनेमा कळतो का, वगैरे. आक्षेप अगदीच चुकीचा आहे असं नाही. पण सिनेमाचा इतिहास वाचायला लागलं की एक गंमत लक्षात येते. ज्या सिनेमांवर लोकांनी घाईघाईत मतं दिली, त्यातले कितीतरी सिनेमे आज जगात कुठेच नाहीत. मतं मात्र आहेत. म्हणजे जे टिकाऊ समजलं गेलं ते गेलं, आणि जे रद्दीत जायचं होतं ते उरलं.

हे सगळं नाशिकमध्ये बसून लिहिताना जास्तच जाणवतं. आमच्या द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रोड एकमेकांना भेटतात (आणि दोन्हीकडची वाहनं एकमेकांना अडवतात, पण तो वेगळा विषय!). द्वारकेवरून मुंबईच्या दिशेने निघालात की पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक लागतं. सारडा सर्कलकडून जुन्या गावात शिरलात तर फाळके रोड. पुणे रोडला वळलात तर पुढे विजय-ममता सिग्नल, त्याला नाव थिएटरचं. थोडक्यात काय, द्वारकेवरून कुठेही जा, सिनेमा रस्त्यात येतोच. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला (३० एप्रिल १८७०) आणि गेले नाशिकला (१६ फेब्रुवारी १९४४). 'राजा हरिश्चंद्र'नंतर १९१३ मध्येच त्यांनी आपला सगळा संसार आणि कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर', 'लंका दहन', 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' हे सगळे त्यानंतरचे.

पण फाळक्यांकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ, म्हणजे पहिलंवहिलं झटपट मत कसं होतं ते कळेल.

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती पहिल्यांदा दाखवल्या गेल्या. तिकीट एक रुपया, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं. नेमक्या त्याच सुमाराला तिकडे रशियात निझ्नी नोव्हगोरोदच्या जत्रेत ल्युमिएरचाच खेळ चालू होता आणि तो एका तरुण पत्रकाराने पाहिला. त्याने टोपणनावाने स्थानिक वर्तमानपत्रात लगेच लिहून टाकलं. हा तरुण म्हणजे मॅक्झिम गॉर्की. त्याला पडद्यावरचं जग सावल्यांचं वाटलं. सगळं करडं, आवाज नाही, माणसं हसतायत पण हसू ऐकू येत नाही. आगगाडी अंगावर येते आणि पडद्याच्या कडेला नाहीशी होते, याने तो हबकला होता. शिवाय या यंत्राचा उपयोग पुढे चावट चित्रं दाखवायला होणार, असं भाकीतही त्याने करून ठेवलं :)

आज आपण तीच आगगाडीची फीत मोबाईलवर पाहतो आणि आपल्याला काहीच होत नाही. फीत तीच आहे, पण ती पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाला काय झालं हे त्या फितीत नाही. ते फक्त त्या आठवड्यात लिहिलेल्या मजकुरात आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. सर्व्हर रात्री तीनला पडतो. सकाळी दहा जण दहा कारणं सांगतात. "बहुतेक लोड जास्त झाला असेल", "मला तर आधीच वाटलं होतं". या वाटण्याला काही किंमत नसते. किंमत असते लॉग फाईलमधल्या त्या एका ओळीला, जी तीन वाजून दोन मिनिटांनी, कुणावर छाप पाडायचा विचार न करता, आपोआप लिहिली गेली. दिसायला ती ओळ फालतू असते. वेळेचा शिक्का हेच तिचं मोल.

आता फाळके. स्वतः चित्रपट काढायच्या आधी फाळके एक प्रेक्षक होते, हे आपण विसरतो. गिरगावात अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालला होता आणि यांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. पुन्हा जाऊन त्यांनी तो पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखवला. भारतीय चित्रपटसृष्टी ज्यातून निघाली ते 'पिक्चर कसा आहे' या प्रश्नाचं एका प्रेक्षकाचं उत्तर होतं असं म्हणायला हरकत नाही: आपणही असा काढला पाहिजे!

पण ही हकीकत फाळक्यांनी लिहिली ती 'नवयुग' मासिकात (अत्र्यांचं साप्ताहिक 'नवयुग' नंतरचं, हे वेगळं), १९१७-१८ च्या लेखमालेत. मधे सहा-सात वर्षं गेली होती. परिणाम असा की हा इतका महत्त्वाचा शो नेमका कधी झाला यावर आजही एकमत नाही. काही अभ्यासक १९१० चा नाताळ धरतात, काही एप्रिल १९११ मधला ईस्टर. तो चित्रपट आलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचा होता की पाथे कंपनीचा, यावरही दोन मतं आहेत. घरी आल्यावर त्याच रात्री वहीत दोन ओळी आणि तारीख लिहिली असती, तर इतक्या विद्वानांचा वेळ वाचला असता. लॉग नाही, म्हणून वाद!

'राजा हरिश्चंद्र'च्या बाबतीत परिस्थिती बरी आहे. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांसाठी खेळ, ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये जाहीर प्रदर्शन. या तारखा आपल्याला छातीठोकपणे सांगता येतात कारण तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून त्या छापून आल्या. जाहिरातीवरून हेही कळतं की नुसता चित्रपट नव्हता. बरोबर एका बाईंचा नाच होता, विनोदी नकला होत्या आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटूही होता. म्हणजे पहिल्या भारतीय कथापटाला सोबत म्हणून जगलर लागला. 'बॉम्बे क्रॉनिकल'ने मे महिन्यातच दखल घेतली आणि वणव्याचं दृश्य, शंकराचं प्रकट होणं, मेलेल्या मुलाचं जिवंत होणं या करामतींचं खास कौतुक केलं. ऑगस्टमध्ये 'केसरी'त फाळक्यांची मुलाखत आली.

या क्रॉनिकलवाल्या अनामिक लेखकाने काय केलं ते बघा. चित्रपट छान आहे एवढं म्हणून तो थांबला नाही. नेमकं कुठलं दृश्य पाहून तो चकित झाला ते त्याने सांगितलं. त्यामुळे आज शंभराहून जास्त वर्षांनी आपल्याला कळतं की १९१३ च्या प्रेक्षकाला कथा माहीतच होती, त्याला भुरळ पडली ती ट्रिक फोटोग्राफीची. आजच्या भाषेत व्हीएफएक्सची.

आणि लोकांचं मत? सुरतेचा एक किस्सा चित्रपट-इतिहासाच्या पुस्तकांतून सांगितला जातो. तिथे पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. कारण? तिथल्या लोकांना दोन आण्यात सहा तासांचं नाटक बघायची सवय. तीन आणे देऊन तासा-दीड तासात घरी जायचं हे त्यांच्या हिशोबात बसेना. "पैसा वसूल नाही" हे मत इतकं जुनं आहे! यावर फाळक्यांनी जाहिरातीचा सूर बदलला: सत्तावन हजार छायाचित्रं, दोन मैल लांब चित्र, फक्त तीन आण्यात. आणि गर्दी वाढली.

मी हा हिशोब करून पाहिला (सवय, दुसरं काय). चित्रपटाची लांबी सांगितली जाते ३७०० फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. म्हणजे झाली ५९,२००. सत्तावन हजार छायाचित्रं ही थाप नव्हती तर! पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. ३७०० फूट म्हणजे एक मैलसुद्धा नाही, जेमतेम पाऊण. मार्केटिंगवाल्यांचं आणि आकड्यांचं नातं तेव्हाही असंच होतं म्हणायचं.

इथवर वाचताना तुम्हाला वाटेल, चित्रपट बघून टाकू ना सरळ, मतं कशाला हवीत? तर तीच अडचण आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलंय. त्यातही घोळ असा की १९१७ मध्ये फाळक्यांनी हा चित्रपट पुन्हा चित्रित केला होता, आणि उरलेली रिळं १९१३ ची नसून १९१७ ची आहेत असं काही संशोधकांचं सांगणं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे (स्थापना १९६४) संस्थापक पी. के. नायर नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडे आले, जे मिळेल ते गोळा केलं, म्हणून एवढं तरी आहे. त्यांच्यावरचा 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) हा माहितीपट मिळाला तर जरूर बघा.

एकूण चित्र याहून वाईट आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले असं मानतात. त्यातले आज उरलेत ते जेमतेम तीसएक, तेही बरेचसे तुकड्या-तुकड्यांत. कारणं साधी आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी, ठेवली तरी आपोआप कुजणारी. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता यायची, त्यामुळे चालून झालेली प्रिंट भंगारात जायची. जपून ठेवलेल्यांचंही नशीब बघा. ८ जानेवारी २००३ ला पुण्यातच नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि फार मोठा ठेवा गेला. 'आलम आरा' (१४ मार्च १९३१) हा आपला पहिला बोलपट, तोही आज उपलब्ध नाही. ज्याचं सगळं कौतुक आवाजाचं होतं त्याचा आवाज कुणालाच ऐकता येत नाही.

अशा वेळी कुणाच्या तरी दोन ओळी काय काम करतात याचं माझं आवडतं उदाहरण कोल्हापूरचं आहे. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५). कर्जापायी जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट, तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. देवादिकांच्या चित्रपटांच्या लाटेत असा विषय घेणं हे धाडसच होतं. हा मूकपट आज नाही. पण निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी तो पाहिला होता आणि त्यातलं एक दृश्य त्यांच्या मनातून गेलं नाही: उदास अंधारी झोपडी आणि रडणारं कुत्रं. त्यांनी ते पुढे लिहून ठेवलं. आज 'सावकारी पाश'वर कुणीही लिहिलं की ते कुत्रं येतंच. शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटातलं कुत्रं, ज्याचं रडणं मुळातच ऐकू आलं नव्हतं, एका प्रेक्षकाच्या आठवणीमुळे अजून आपल्यापर्यंत पोचतंय.

वाडियांनी कौतुकाने लिहिलं. कौतुकाच्या बाजूला फारसं न फिरकणारा माणूस म्हणजे बाबूराव पटेल. १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं. त्यांची परीक्षणं म्हणजे निव्वळ चोपणं. नट-नट्यांच्या दिसण्यावर, चालण्यावर, कशावरही. वैयक्तिक, कधी कधी अश्लाघ्यही. शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या ऑफिसात जाऊन थडकल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. मंटोने या माणसावर एक अख्खा लेख लिहिलाय. आणि मग याच बाबूरावांनी पत्नी सुशीलाराणींना नायिका करून 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) हे दोन चित्रपट दिग्दर्शित केले. दोन्ही आपटले. त्यावर कोणी किती ताशेरे ओढले असतील याची कल्पना तुम्हीच करा :)

तरीही आज चाळीसच्या दशकातल्या हिंदी सिनेमावर काम करणारा अभ्यासक 'फिल्मइंडिया'चे अंक शोधतो. बाबूरावांचं मत बरोबर होतं म्हणून नव्हे. त्या महिन्यात काय लागलं, लोक कशावर बोलत होते, कशाचा राग येत होता, हे तिथे सापडतं म्हणून. पूर्वग्रह असलेला लॉगसुद्धा लॉगच असतो. पूर्वग्रह वजा करून वाचता येतो. मुळात नोंदच नसेल तर वजा कशातून करणार?

मराठीत हे काम ज्यांनी केलं त्यात एक नाव आमच्या नाशिकचं आहे, आणि आजच्या पिढीला ते फारसं ठाऊक नाही. 'रसरंग'. पोतनीसांच्या 'गावकरी' परिवाराचं सिनेमाचं साप्ताहिक. 'अमृत' मासिकही यांचंच. साठ-सत्तरच्या दशकात मराठी घरांत, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर 'रसरंग' वाचलं जायचं. तेव्हा चित्रपट मुंबईत लागला की तालुक्याच्या गावी यायला महिनोन् महिने जात. तिथल्या वाचकासाठी मुंबईत या आठवड्यात लागलेल्या सिनेमावरचा मजकूर हाच बराच काळ सिनेमा असायचा.

'रसरंग'शी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते इसाक मुजावर (निधन २०१५). दर आठवड्याला ताज्या सिनेमावर, नटांवर, पडद्यामागच्या माणसांवर लिहिणारे पत्रकार. पुढे मराठी चित्रपटाच्या इतिहासावर सर्वात जास्त ज्यांची पुस्तकं चाळली जातात त्यातले एक तेच झाले. महाराष्ट्र ही भारतीय चित्रपट उद्योगाची जन्मभूमी आहे हे सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६९ चं, म्हणजे फाळक्यांच्या जन्मशताब्दीच्या अलीकडचं. मला हा प्रवास फार अर्थपूर्ण वाटतो. आठवड्याच्या आठवड्याला नोंदी ठेवणारा माणूसच शेवटी इतिहासकार ठरला. कारण बाकीच्यांना आठवावं लागत होतं आणि यांच्याकडे लिहिलेलं होतं.

आता थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलू. झटपट मतं चुकतात, आणि दणकून चुकतात. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा पहिल्या दिवसांत धंद्यातल्या भल्या भल्यांनी त्याला फ्लॉप ठरवलं होतं. तोच पुढे मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. त्याच वर्षीच्या, अगदी कमी खर्चातल्या 'जय संतोषी माँ'ला सुरुवातीला कोणी मोजलं नव्हतं आणि बायाबापड्यांनी तो डोक्यावर घेतला.

पण यात नेमकं काय चुकलं? निकाल चुकला. हिट, फ्लॉप, पाच तारे, दीड तारा, हे निकाल. निकाल वर्षा-दोन वर्षांत खोटे पडू शकतात, आणि खरे ठरले तरी त्यांचा पुढे उपयोग नसतो. 'लंका दहन' (१९१७) पाहून कोणी पाचपैकी चार दिले असते तर आज आपण त्याचं काय केलं असतं? आपल्याकडे आलंय ते वेगळं: पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढायचे. ही झाली नोंद. साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही केले होते आणि तरी लोक हात जोडत होते. 'संतोषी माँ'च्या वेळीही थिएटरात चपला बाहेर राहिल्या, पडद्याकडे नाणी उधळली गेली. मधे ५८ वर्षं गेली, प्रेक्षक तोच. या दोन नोंदी शेजारी ठेवता येतात म्हणून आपल्याला हे कळतं. ताऱ्यांवरून कळलं नसतं.

अगदी अलीकडचं बघा. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याची फाईल दहा ठिकाणी सुरक्षित आहे, तो नायट्रेटसारखा जळणार नाही. पण 'झिंगाट' लागल्यावर खुर्च्यांमधून उठून पडद्यापुढे नाचणारे लोक आणि त्याच लोकांना शेवटच्या दृश्यानंतर बसलेला सुन्नपणा, हे फाईलमध्ये कुठे आहे? पन्नास वर्षांनी कुणी लॅपटॉपवर एकटाच 'सैराट' बघेल तेव्हा त्याला ते दिसणार नाही. कुणीतरी त्या आठवड्यात लिहिलं असेल, तर आणि तरच कळेल. आणि आपण बहुतेक वेळा जिथे लिहितो ते मेसेज चोवीस तासांत उडतात, किंवा फोन बदलला की जातात. नायट्रेट परवडलं, ते निदान काही वर्षं तरी टिकायचं.

तेव्हा मंडळी, मतं द्या. घाईत द्या, इंटरव्हलमध्ये द्या, चुकली तरी द्या. फक्त ताऱ्यांच्या जोडीला चार गोष्टी लिहा: तारीख, थिएटर, साधारण किती लोक होते, आणि नेमकं कुठे हसले, कुठे गप्प झाले, कुठे फोन काढून बसले. शक्यतो मराठीत लिहा, कारण मराठी प्रेक्षक काय म्हणाला हे दुसऱ्या कुठल्या भाषेत कोणी लिहून ठेवणार नाही. आणि जिथे लिहाल त्याची एक प्रत जपून ठेवा. बॅकअपचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगू!

असो. बराच मोठा झाला लेख. तुमच्या घरी आजी-आजोबांच्या जुन्या डायऱ्या असतील, किंवा 'रसरंग'चे अंक माळ्यावर पडले असतील, तर रद्दीवाल्याला द्यायच्या आधी एकदा उघडून बघा. एखाद्या ओळीत कुठल्या तरी थिएटरात, कुठल्या तरी शनिवारी पाहिलेल्या एखाद्या पिक्चरबद्दल लिहिलेलं असेल. तो पिक्चर आज उरलाय का ते शोधा. नसेल उरला, तर ती ओळ फार जपून ठेवा.